शेजारचा दिवा आणि नक्ताचा तारा

मार्गशीर्ष लागला की आमच्या घरातले रात्रीचे जेवण घड्याळाच्या हाती राहत नाही. माझी पत्नी महिनाभर नक्त करते. दिवसा अन्न घ्यायचे नाही, सूर्य मावळून आकाशात नक्षत्र दिसले की मगच पानावर बसायचे, असे हे व्रत. धर्मग्रंथांत त्याचे अनेक प्रकार सांगितले आहेत. तिच्या माहेरचा प्रकार त्यांतल्या कशाशीच तंतोतंत जुळत नाही, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिच्या लक्षात आणून दिले होते. ती म्हणाली होती, "आईनं असंच केलं, आईच्या सासूनं असंच केलं." मी ते मानले. कुळाचार हेही एक प्रमाणच आहे.

त्या माहेरच्या प्रकारात नक्षत्र ठरलेले आहे. मार्गशीर्ष हा विष्णूचा महिना, म्हणून नक्षत्रही विष्णूचेच, म्हणजे श्रवण. पश्चिमेला एका ओळीत तीन तारे असतात आणि मधला ठळक असतो, तो पाहायचा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा आणि घराच्या फाटकाबाहेर पाऊल न टाकता पाहायचा. ढग असले तर अंधार पडेपर्यंत थांबून जेवण्याची मुभा आहे. आता वयामुळे डॉक्टरांनी दुपारी पेलाभर दूध घ्यायला लावले आहे. ते ती औषध म्हणून घेते आणि औषधासारखेच तोंड करून पिते.

बदलापुरात आम्ही घर बांधले तेव्हा हे व्रत सांभाळणे फार सोपे होते. मागच्या परसात उभे राहिले की पश्चिमेला भातखाचरे आणि त्यांच्यावर आकाश. मी अंबरनाथच्या एका शाळेत संस्कृत शिकवत असे. संध्याकाळी घरी येईतो ती तारा पाहून पाने मांडत असे. पुढे खाचरांच्या जागी घरे आली, घरांच्या जागी इमारती येऊ लागल्या. तरीही श्रवण दिसत राहिला, कारण तो बऱ्यापैकी उंचावर असतो आणि त्याच्यात तेज आहे. या वर्षी मात्र दिवाळीनंतर आमच्या पश्चिमेच्या भिंतीपलीकडे एक दिवा लागला.

तो शेजाऱ्यांचा. शेजारी सिंधी गृहस्थ, पंचेचाळिशीचे, उल्हासनगरात त्यांचा जीन्स शिवण्याचा कारखाना. वृद्ध आईसाठी मोकळी जागा हवी म्हणून तीन वर्षांपूर्वी ते इकडे राहायला आले. त्यांच्या घराला बाहेरून जिना आहे, तो आमच्या परसाकडे उतरतो. त्या जिन्याच्या माथ्यावर त्यांनी मोठा पांढरा दिवा बसवला होता. सूर्य मावळला की तो आपोआप लागे आणि आमची तुळस, आमचा दोरीवरचा पंचा, परसातला जुना हौद, सगळे काही दुपारसारखे उजळून निघे. पश्चिमेकडे पाहू गेले की डोळ्यांपुढे फक्त तो दिवा राही.

व्रताच्या पहिल्या संध्याकाळी पत्नी परसातून बऱ्याच वेळाने आत आली. "दिसला बाई एकदाचा," म्हणाली. "हाताचा आडोसा करून किती वेळ उभी होते. पुढच्या वर्षी काही जमायचं नाही. यंदा महिना पुरा करते आणि उद्यापन करून टाकते."

उद्यापन म्हणजे व्रताची विधिपूर्वक समाप्ती. तिने हे भाजी संपली आहे असे सांगावे तशा स्वरात सांगितले. पण पोळीचा तुकडा हातात धरून ती थोडा वेळ तशीच बसली, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. आईकडून आलेली तिच्याजवळची एवढी एकच गोष्ट अजून चालू होती.

दुसऱ्या दिवसापासून मात्र तिला तारा लवकर दिसू लागला. इतका लवकर, की माझी सायंसंध्या आटोपायच्या आत पाने मांडलेली असत. मला आनंद झाला आणि त्यापाठोपाठ कुतूहलही वाटू लागले. आकाश अजून निळसर असताना, समोर तो दिवा असताना, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना श्रवण दिसतो कसा? चारपाच दिवस हा प्रश्न मनात घोळल्यावर एका संध्याकाळी मी संध्येचे आसन ओसरीवरून उचलून परसात मांडले.

"आज इकडं कसे?" तिने विचारले.

"तुझा श्रवण मलाही पाहू दे."

"तो काय, आंब्याच्या शेंड्यावर." तिने कपाळाला हात लावून बोट दाखवले. शेजाऱ्यांच्या दिव्याच्या डावीकडे, दूरच्या आंब्यावर, एक पांढरा ठिपका स्वच्छ चमकत होता. तिने हात जोडले आणि ती आत गेली.

मी जपाला बसलो. माळ संपली तेव्हा डोळे उघडून पाहिले. ठिपका त्याच डहाळीवर होता. पश्चिमेकडचा कोणताही तारा एवढ्या वेळात खाली उतरायला हवा. आकाश कोणासाठी थांबत नाही. मी जागा न बदलता आणखी काही वेळ पाहत राहिलो. डहाळी वाऱ्याने हलत होती, ठिपका हलत नव्हता.

मी वहाणा घातल्या आणि फाटकातून गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. आंब्याचा आडोसा तिथे सुटतो. पाहतो तो, मागच्या रस्त्यावर चाललेल्या नव्या इमारतीच्या डोक्यावर उंच क्रेन उभी होती आणि तिच्या अगदी टोकाला एक दिवा लावलेला होता. क्रेनचा सगळा सांगाडा आंब्यामागे झाकला जात होता. आमच्या परसातून दिसत होता तो फक्त तिचा माथा.

घाईने परतलो. ती पानावर बसली होती. पहिला घास अजून घेतला नव्हता. वाफाळलेल्या भातावर तूप वाढलेले होते.

"थांब," मी म्हणालो.

"काय झालं?"

"तो तारा नाही. क्रेनचा दिवा आहे."

तिने माझ्याकडे पाहिले, मग पानाकडे. "मस्करी करताय?"

"मी गल्लीतून पाहून आलो."

ती उठली, ताटावर दुसरे ताट उपडे घातले आणि बोटांवर काही मोजले. "म्हणजे इतके दिवस मी दिव्याला हात जोडून जेवले."

मी तिला समजावू पाहिले. व्रतात संकल्प मुख्य असतो, नकळत घडलेल्या गोष्टीचा दोष लागत नाही, ढगाळ दिवशी जशी मुभा तशीच इथेही घेता येईल, असे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"ढग देवाचे असतात हो," ती म्हणाली. "हा दिवा त्या बिल्डरचा. तुमचं शास्त्र तुमच्यापाशी राहू द्या. तारा न बघता जेवले, हे खरं ना? मग जितके दिवस चुकले तितके पौषात धरीन. आणि आज खरा बघितल्याशिवाय बसणार नाही."

तिची भूक मला दिसत होती. तेव्हा मी लगेच कामाला लागलो. शेजारचा दिवा तिच्या डोळ्यांपासून लपवला की झाले, असा माझा सरळ हिशोब होता. काय धरावे म्हणून कपाट उघडले, तर हाताला अंतरपाट लागला. नात्यातली लग्ने मीच लावत असल्याने तो घरात असतोच. वधूवरांनी एकमेकांना वेळेआधी पाहू नये म्हणून जे वस्त्र धरतात, ते एका दिव्याला आड करायला काय हरकत आहे, असे मला वाटले. मी परसात तुळशीपाशी उभा राहून दोन्ही हातांनी तो तिच्यासमोर उंच धरला.

अंतरपाट पांढरा, पातळ. दिव्याचा उजेड त्यावर पडताच सबंध कापडच पेटल्यासारखे झाले. मधले कुंकवाचे स्वस्तिक उन्हात ठेवल्यासारखे झळकू लागले. आधी एक दिवा होता, आता माझ्या हातांत दोन हातांएवढा दिवा तयार झाला.

पत्नीला हसू आवरेना. "अहो, पुरे. या वयात पुन्हा उभं करता की काय मला? मंगलाष्टकं कोण म्हणणार?"

मग तीच आत जाऊन संक्रांतीची काळी चंद्रकळा घेऊन आली. मी म्हणालो, व्रताच्या कामात काळे वस्त्र कसे चालेल? "संक्रांतीला चालतं, ते महिनाभर आधी चालायला काय झालं?" असे म्हणून तिने ती दोरीवर टाकली. काळे कापड स्वतः उजळले नाही. पण विणीतून दिव्याचे किरण बारीक सुयांसारखे येत राहिले. तरी डोके पूर्ण मागे टाकल्यावर, जवळजवळ डोक्यावर, तिला एक शांत पिवळसर ठिपका दिसला. "हा बघा! दिसला!"

खोटे बोलणे शक्य नव्हते. "तो शनी आहे."

"शनी!" तिने मान खाली घातली. "दिवसभर उपाशी राहून आता शनीकडे बघून जेवू?"

त्या संध्याकाळी ती दूध घेऊन निजली. झाकलेले ताट मला उचलवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे शेजाऱ्यांकडे गेलो. ते गाडी पुसत होते. त्यांची आई ओट्यावर खुर्चीत बसली होती, पायावर शाल घेऊन. मी सगळा वृत्तांत सांगितला. शेजाऱ्यांना आधी वाटले, मी दिव्याच्या विजेबद्दल तक्रार घेऊन आलो आहे. तारा म्हटल्यावर ते सैल झाले.

"गुरुजी, तारा बघायचाय ना? सिंपल आहे. मोबाइलमध्ये ॲप टाकून देतो. असा फोन धरायचा, ढगात पण तारा दिसतो. छत असलं तरी दिसतो."

"मोबाइलमध्ये तारा बघितला तर जेवणही मोबाइललाच वाढावं लागेल," पत्नी म्हणाली.

ते मोठ्याने हसले. "आंटीजी, बरोबर. पण लाइट बंद नाही करू शकत. दिवाळीत मम्मी जिन्यावर पडली ना. दोन पायऱ्या दिसल्याच नाहीत तिला. संध्याकाळी पूजेला वर जाते, ऐकत नाही. म्हणून एवढा मोठा लावला."

एका वृद्धेचा पाय हे कारण आमच्या श्रवणापेक्षा लहान नव्हते. आम्ही निघणार, तोच खुर्चीतून आवाज आला. त्या माउलींना मराठी समजते, बोलतात मात्र आपल्या हिंदीत.

"क्या देखे बिना नहीं खाती हो?"

"तारा, माताजी. श्रवण नक्षत्र."

"हम तीजड़ी पर चाँद देखे बिना पानी नहीं पीते थे," त्या म्हणाल्या. तिजडी म्हणजे सिंधी सुवासिनींचा श्रावणातला उपवास, चंद्र पाहून सोडायचा, एवढे आम्हाला माहीत होते. "एक साल बादल थे. सारी रात छत पर बैठी रही. सास बोली, खा ले. मैंने कहा, नहीं।" मग मुलाकडे वळून त्या सिंधीत काहीतरी ठसक्यात बोलल्या. शेजाऱ्यांनी फडके खांद्यावर टाकले.

"मम्मी म्हणते, जिना दिसला पाहिजे आणि आंटीजींना तारा पण दिसला पाहिजे. आता सांगा गुरुजी, कसं करायचं? मी तर फक्त पँट शिवतो."

कसे करायचे, याचा विचार करण्यात मला जो आनंद झाला तो लपवणार नाही. आयुष्यभर मी शब्दांचा अन्वय लावत आलो. इथे उजेडाचा अन्वय लावायचा होता. कोणता किरण कुठून निघतो, कुठे जातो आणि कोणता वाया जातो? जिन्याला लागणारा उजेड खाली जायला हवा. आमच्या परसात येतो तो त्यांच्या कोणत्याच कामाचा नव्हता. मी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा कापून त्याची टोपी करायला सुचवले. शेजाऱ्यांनी तार आणून ती दिव्यावर वरून आणि आमच्या बाजूने बसवली. संध्याकाळी दिवा लागला. जिना लख्ख आणि आमच्या डोळ्यांवर थेट येणारा झोत बंद.

पण पायऱ्यांवर पडलेला उजेड त्यांच्या पांढऱ्या भिंतीवरून उसळून पुन्हा आमच्याकडे येत होता. पत्नीला श्रवण असल्याचा भास झाला, तिने डोळे चोळले आणि तो हरवला. "आहे म्हणवत नाही, नाही म्हणवत नाही," ती म्हणाली. भासावर जेवायला ती तयार नव्हती. अंधार दाटल्यावर पुष्कळ वेळाने कसाबसा एकदा स्पष्ट दिसला, तेव्हा बसली. पुढचे दोन दिवस असेच गेले. मी सुचवले की दुसरा एखादा ठळक तारा धरावा. उत्तरेकडे अभिजित आहे, त्या बाजूला उजेड कमी. ती म्हणाली, "संकल्पात नाव श्रवणाचं घेतलंय. ऐनवेळी दुसऱ्याच्या दारात जाऊ?"

सोमवार आला. दर सोमवारी मी अंबरनाथच्या शिवमंदिरात जातो. तिथला गाभारा मंडपापेक्षा खोल आहे. पायऱ्या उतरून खाली जावे लागते, आणि वर छत नाही. शिखर जिथे थांबले आहे तिथून थेट आकाश दिसते. इतकी वर्षे मी पिंडीपुढे मान लववून वर आलो. त्या संध्याकाळी दिवेलागणीला खाली उभा होतो. बाहेर फुलांच्या दुकानांचे दिवे, रस्त्याची वर्दळ, देवळाच्या आवारातले खांबांवरचे दिवे, सगळे काही होते. खाली त्यातले काही पोहोचत नव्हते. दगडी भिंतींनी बाजूचा सगळा उजेड अडवला होता आणि वरच्या चौकटीत जे आकाश उरले होते ते बाहेरच्या आकाशापेक्षा गडद होते. त्यात एक तारा दिसत होता. कोणता, ते कळण्याइतके आकाश नव्हते.

लहानपणी ऐकले होते की खोल विहिरीतून दिवसाही तारे दिसतात. मी आजोळच्या विहिरीत उतरून पाहिले होते, दिसले नव्हते. तेव्हापासून ती गोष्ट मी खोटी म्हणून सोडून दिली होती. त्या संध्याकाळी वाटले, तिच्यात काहीतरी धरण्याजोगे होते. आपण इतके दिवस उजेडापुढे काहीतरी उंच उभे करू पाहत होतो. इथे डोळाच खाली उतरवला होता आणि कडा डोळ्याजवळ आणल्या होत्या. नमस्कार करून मी पायऱ्या चढलो, तो मनात आमचा हौद घेऊनच.

हा हौद म्हणजे परसात अर्धा जमिनीत गाडलेला विटांचा चौकोन. जांभूळ गावच्या जलशुद्धीकरण केंद्रातून नळाला पाणी अवेळी येई, तेव्हा ते साठवायला आम्ही तो बांधला होता. पुढे छपरावर टाकी आली आणि हौद कोरडा पडला. धुण्यासाठी म्हणून आत उतरायला दोन पायऱ्या ठेवल्या होत्या. मंगळवारी मी तो झाडून घेतला, कोपऱ्यातला पालापाचोळा काढला, आत पाट टाकला आणि बसून पाहिले. शेजाऱ्यांची भिंत निम्म्याहून अधिक हौदाच्या काठामागे गेली. राहिलेली झाकायला काठावर थोडे कापड हवे होते, असे कापड की ज्यातून सुईएवढाही किरण येणार नाही.

शेजाऱ्यांना विचारले तर ते कपाळावर हात मारून घेत म्हणाले, "गुरुजी, आधी नाही बोलायचं? कापड तर माझ्याकडे!" संध्याकाळी ते उल्हासनगरहून काळ्या डेनिमचा जाड तुकडा घेऊन आले. रंगात डाग पडल्याने तो बाद झाला होता. "याच्या आरपार सूर्य पण नाही जाणार. गॅरंटी." दोन बांबूंमध्ये तो ताणून आम्ही हौदाच्या पश्चिम काठावर उभा केला. जाड, ताठ, मेणचटल्यासारखा. अंतरपाट आणि चंद्रकळा यांच्यानंतर व्रताच्या सेवेला जीन्सचे कापड आले. पत्नीने त्यालाही हळदकुंकवाचे बोट लावले.

तिचा हात धरून मी तिला हौदात उतरवले. गुडघा कुरकुरला, ती कुरकुरली नाही. पाटावर बसून तिने डोळे मिटून घेतले. आधी अंधाराची सवय होऊ द्यावी, हे आम्ही एव्हाना शिकलो होतो. काही वेळाने तिने डोळे उघडले.

मी काठावरून विचारले, "काय?"

"इतका मोठा असतो?" ती म्हणाली.

कापडाच्या काळ्या कडेच्या वर श्रवण उभा होता. तिने हात जोडले, मग वर येऊन जेवली. पाठीमागचे दिवस मात्र तिने सोडले नाहीत. अमावास्या झाली, पौष लागला, आणि तिचे राहिलेले नक्त सुरू झाले.

इथे एक नवीन अडचण आली, आणि ती मला आधी सुचायला हवी होती असे म्हणता येईल. तारे दर दिवशी त्याच वेळेला किंचित पश्चिमेकडे सरकलेले असतात. आदल्या संध्याकाळी कडेच्या वर दिसलेला श्रवण दुसऱ्या संध्याकाळी कडेला अधिक जवळ असे. कापड खाली घ्यावे तर शेजारची उजळ भिंत वर डोकावे. म्हणून पाट मागे सरकवायचा. काठापासून दूर गेले की कड खाली गेल्यासारखी दिसते आणि तारा पुन्हा वर येतो. रोज पाट थोडा पूर्वेकडे. मी त्याकडे मोठ्या कुतूहलाने पाहत असे. आकाशाची गती हौदाच्या तळाशी पाटाच्या सरकण्यात मोजली जात होती. पत्नीला मात्र त्यात दुसरेच दिसत होते.

"पाटामागं भिंत किती उरली?" ती विचारी.

शेवटच्या दिवशी काही उरली नाही. पाट पूर्वेच्या भिंतीला टेकला होता. सूर्य मावळला, पत्नी उतरून बसली, पाठ भिंतीला लावून. कापडाच्या कडेला तारा दिसेना. मान उंचावली, तरी दिसेना. उभी राहिली तर शेजारचा उजेड डोळ्यांत. आज चुकला तर त्या दिवसाची भरपाई पुढे कुठेच नव्हती. श्रवण रोज खालीच जाणार होता आणि लवकरच सूर्याच्या तेजात बुडणार होता. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. ती मनातून हरली की असे करते.

त्याच वेळी फाटक वाजले. शेजारी आईला हाताला धरून घेऊन येत होते. शेवटचा दिवस आहे, हे त्यांना माहीत होते. मी खुर्ची हौदाच्या काठाशी ठेवली. माताजी बसल्या, खाली वाकून पाहिले.

"दिखा?"

"नाही, माताजी. कापडाच्या मागं गेला."

"तो कपड़ा नीचे करो।"

"खाली केलं तर दिव्याचा उजेड येतो."

माताजी मुलाला म्हणाल्या, "बत्ती किसके लिए है?"

"तेरे लिए, मम्मी."

"मैं तो यहाँ बैठी हूँ। सीढ़ी पर कौन चढ़ रहा है, भूत?"

शेजारी माझ्याकडे पाहत राहिले. मी त्यांच्याकडे. एवढे दिवस आम्ही दोघांनी पत्रा कापला, तार गुंडाळली, बांबू रोवले. ज्यांच्यासाठी दिवा होता त्यांनाच दिव्यापासून उठवून इकडे आणावे, हे कोणालाही सुचले नव्हते. ते पळतच गेले. दिवा विझला.

मी कापड हातभर खाली घेतले. परसात असा काळोख मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तुळस दिसेनाशी झाली. पत्नीने डोळे मिटले, उघडले.

"आहे," ती म्हणाली. आणि मग, "अहो, तिन्ही आहेत. शेजारचे दोन्ही दिसतायत."

मधल्या ठळक ताऱ्याच्या दोन्ही बाजूंचे ते मंद सोबती आमच्या परसातून केव्हाच हरवले होते. ते आहेत, हे मी वर्गात सांगत असे. दिसतात, हे विसरलो होतो. मी हौदाच्या काठावर बसलो आणि हात जोडले.

"चल, ऊपर आ। खा ले अब," माताजी म्हणाल्या.

पत्नी उठली नाही. कापडाच्या डाव्या कडेबाहेर, आंब्यावर, क्रेनचा दिवाही लागलेला होता. ती एकदा त्याच्याकडे, एकदा श्रवणाकडे पाहत होती.

"थांबा, माताजी. एकदा फसले आहे. जरा हलू दे त्याला."

मग आम्ही चौघे थांबलो. शेजारी परत येऊन आईच्या खुर्चीमागे उभे होते. घरातून मुगाच्या खिचडीचा वास येत होता. श्रवण कापडाच्या कडेकडे येत होता, इतका सावकाश की पाहत असताना कळत नव्हते आणि नजर काढून पुन्हा लावली की कळत होते. क्रेनचा दिवा जिथल्या तिथे होता. शेवटी श्रवण कडेला टेकला, क्षणभर लुकलुकला आणि काळ्या कापडामागे गेला.

"गेला," पत्नी म्हणाली. "खरा होता." आणि वर येण्यासाठी तिने माझ्याकडे हात केला.

"आंटीजी, आता लाइट लावू?" शेजाऱ्यांनी विचारले.

"लाव की. पण माताजी इथंच जेवतील, त्यांचंही पान घेते." दारापाशी जाऊन ती माझ्याकडे वळली. "आणि ते कापड टाकून देऊ नका हो. नीट गुंडाळून माळ्यावर ठेवा. पुढच्या मार्गशीर्षात लागेल."